अवघडलेपण आणि झोप (इंदूर)

अवघडलेपण : गरोदरपणाचे शेवटचे तीन महिने, म्हणजे साधारण २८व्या आठवड्यापासून प्रसूतीपर्यंतचा काळ, आणि त्या काळात अंगाला येणारा जडपणा. मराठीत मांडी घालून बसल्यावर पाय अवघडतो आणि दिवस भरत आलेली बाईही अवघडलेली असते. अंग आपलेच, पण ते हवे तसे हलवता येत नाही, हा अनुभव दोन्हीकडे सारखाच. या काळात रात्रीची झोप मोडणे इतके सार्वत्रिक आहे की घरात त्याची दखल घेतली जात नाही. ‘सगळ्यांनाच होतं’ हे म्हणणे खरे असले तरी बहुतेक त्रासांमागे वेगवेगळी कारणे असतात. त्या त्या कारणावर छोटा उपायही असतो, आणि तो कळला तर रात्रीची थोडी झोप वाचू शकते.

इंदूरच्या मराठी घरांत ही जबाबदारी बहुधा आईकडे येते. होळकरांबरोबर अठराव्या शतकात माळव्यात आलेल्या आणि १८१८ साली इंदूर राजधानी झाल्यावर तिथे स्थिरावलेल्या कुटुंबांनी डोहाळजेवण, ओटीभरण आणि पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाण्याची रीत टिकवली आहे. त्यामुळे आठव्या-नवव्या महिन्यातल्या रात्री लेक बहुतेक वेळा माहेरीच असते. काय खायचे, कसे झोपायचे, कधी डॉक्टरांकडे जायचे, याबद्दल पहिला शब्द आई, मावशी किंवा आजीचा असतो. त्या शब्दाचे वजन मोठे, म्हणून तो बरोबर असणे महत्त्वाचे.

माळव्याच्या रात्रीची ख्याती जुनी आहे. ‘सुबह-ए-बनारस, शाम-ए-अवध, शब-ए-मालवा’ ही म्हण इंदूरचा प्रत्येक जण जाणतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवरच्या या पठारावर उन्हाळ्यातही रात्री उशिरा गारवा येतो. गरोदर बाईला मात्र त्या गारव्याचा लाभ इतरांइतका मिळत नाही. तिच्या शरीरातले रक्त जवळजवळ दीडपट झालेले असते, चयापचय वाढलेला असतो आणि त्वचेकडे जाणारे रक्तही वाढते. घरचे पांघरूण ओढतात त्याच वेळी ती ते पायाने बाजूला सारते. तिची खाट खिडकीजवळ हवी, अंगावर सुती कपडा हवा आणि पंख्याचा वेग तिच्या सोयीने ठरावा.

झोप मोडण्याचे सगळ्यात ठळक कारण लघवी. वाढलेले गर्भाशय मूत्राशयावर दाबते आणि शेवटच्या आठवड्यांत बाळाचे डोके खाली उतरले की हा दाब आणखी वाढतो. याशिवाय एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. दिवसभर उभे राहून पायांत साठलेले पाणी आडवे झाल्यावर पुन्हा रक्तात येते आणि त्याची लघवी होते. म्हणून संध्याकाळी चार-पाचच्या सुमारास अर्धा-पाऊण तास पाय उंचावर ठेवून कुशीवर पडावे. हे पाणी झोपायच्या आधीच निघून जाते. पाणी पिणे मात्र कमी करू नये. दिवसा भरपूर प्यावे आणि झोपण्याआधीच्या दोन तासांत थोडे आवरावे. लघवीला जळजळ असेल किंवा ताप असेल तर तो मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो, आणि त्यावर गरोदरपणात लगेच उपचार हवेत.

कूस आणि उशी

२८व्या आठवड्यानंतर झोपताना कुशीवर झोपावे, हा आजच्या प्रसूतिशास्त्राचा स्पष्ट सल्ला आहे. उताणे झोपल्यास गर्भाशयाचे वजन पाठीच्या कण्यालगतच्या मोठ्या शिरेवर पडते. ही शीर शरीराच्या खालच्या भागातले रक्त हृदयाकडे नेते. ती दबली की हृदयाकडे येणारे रक्त घटते, काहींना घेरी येते, मळमळते, आणि बाळाकडे जाणारे रक्तही कमी होते. पाच अभ्यासांची माहिती एकत्र करून २०१९ साली केलेल्या विश्लेषणात, झोपताना उताणे पडणाऱ्या स्त्रियांमध्ये २८ आठवड्यांनंतर बाळ पोटातच दगावण्याचा धोका सुमारे २.६ पट आढळला. ही घटना मुळात विरळ आहे, त्यामुळे या आकड्याने धास्ती घेऊ नये. त्याच विश्लेषणात डाव्या आणि उजव्या कुशीत फरक दिसला नाही. डाव्या कुशीवर छातीतली जळजळ थोडी कमी होते एवढेच. रात्री जाग आली आणि आपण उताणे आहोत असे दिसले तर कूस बदलावी आणि पुन्हा झोपावे. अपराधी वाटण्यासारखे त्यात काही नाही.

इथे एका समजुतीकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे, कारण तिने कितीतरी झोप खाल्ली आहे. ‘कूस बदलायची तर आधी उठून बस, मग दुसऱ्या अंगावर हो, नाहीतर बाळाला नाळ वेटाळेल’, असे इंदुरातल्या मराठी घरांत आणि शेजारच्या हिंदीभाषक घरांतही सांगितले जाते. नाळेचा वेढा बाळाच्या स्वतःच्या हालचालीने पडतो. तो अनेक निरोगी बाळांच्या मानेभोवती असतो आणि बहुतेक वेळा प्रसूतीच्या वेळी सहज सोडवता येतो. आईने कुशीवरून कुशीवर जाण्याशी त्याचा संबंध नाही. रात्री पाच-सहा वेळा उठून बसणाऱ्या बाईची झोप मात्र दर वेळी पूर्ण मोडते. आजीने हे मायेपोटीच सांगितलेले असते, पण तिला समजावून सांगण्याइतके हे महत्त्वाचे आहे. कूस बदलताना गुडघे जवळ घ्यावे आणि खांदे व कंबर एकत्र वळवावी. अंथरुणातून उठताना मात्र आधी कुशीवर यावे, पाय खाली सोडावे, मग हाताच्या आधाराने बसावे. उताण्यावरून थेट उठल्याने पोटाच्या स्नायूंवर आणि कंबरेवर ताण येतो.

गरोदरपणासाठी घडवलेल्या लांब उशा आता दुकानांत मिळतात, पण जुन्या मराठी घरात त्याहून चांगली सोय आधीपासून असते. बैठकीतला एक लोड पाठीशी, दुसरा दोन पायांच्या मध्ये आणि पोटाखाली आजीच्या नऊवारीच्या गोधडीची दुहेरी घडी. लोड गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पोचला पाहिजे. तो फक्त गुडघ्यांत धरला तर वरचे पाऊल खाली लोंबते, कंबर पिळली जाते आणि सकाळी जांघेत ठणका लागतो. गोधडीची घडी एवढीच जाड हवी की पोट गादीत रुतणार नाही आणि वर ढकललेही जाणार नाही. दोन-तीन रात्री घडी कमी-जास्त करून पाहिली की ती बरोबर बसते. गरोदरपणात सांध्यांचे बंध सैल होतात आणि कंबरेचा बाक वाढतो, म्हणून कंबरदुखीवर हा आधार उपयोगी आहे.

रात्रीचे जेवण

छातीत जळजळ आणि आंबट ढेकर हा शेवटच्या महिन्यांतला दुसरा मोठा त्रास. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे अन्ननलिकेच्या तळाची झडप ढिली पडते आणि वर सरकलेले गर्भाशय जठर दाबते. इंदूरसारख्या गावात हे सांभाळणे खरेच अवघड आहे. इथे दिवसा सोन्या-चांदीची दुकाने असलेला सराफा दुकाने मिटल्यावर खाण्याचा बाजार होतो आणि मध्यरात्रीनंतरही चालू असतो. थंडीत तळलेला गराडू हा कंद, भुट्ट्याचा कीस, दहीवडा, जलेबी, आणि घरात कशावरही भुरभुरायला तिखट शेव. डोहाळे लागलेल्या मुलीला कौतुकाने रात्री दहाला सराफ्यात नेले जाते आणि दोन वाजता ती छाती चोळत उठून बसते. तिचे डोहाळे नक्की पुरवावेत, पण संध्याकाळी सहाला. दाल-बाफल्यांसारखे जड पदार्थ दुपारी खावेत. रात्रीचे जेवण हलके, थोडे, आणि झोपण्याआधी दोन-तीन तास संपलेले असावे. मुगाची खिचडी, मऊ भात किंवा ज्वारीची भाकरी आणि दुधीची भाजी पुरते. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली लाकडी ठोकळे ठेवून ती बाजू वीतभर उंच केली की आम्ल वर येणे कमी होते. नुसत्या उशा वाढवल्या तर मान आणि पोट दुमडते, उपयोग होत नाही. चहा संध्याकाळनंतर नको.

पाय

मध्यरात्री पोटरीत गोळा येणे, म्हणजे वांब येणे, फार दुखते. त्या क्षणी पाय सरळ करून पावलाची बोटे स्वतःकडे ओढावीत. पोटामुळे हात पोचत नसेल तर शेजारच्याने टाच धरून पाऊल वर दाबावे. झोपण्याआधी भिंतीला हात टेकून पोटऱ्यांना दोन मिनिटे ताण दिल्याने काहींना गोळे कमी येतात.

याहून वेगळा आणि अनेकदा न ओळखलेला त्रास म्हणजे पायांची तगमग. ‘पायांत काहीतरी वळवळतंय, हलवल्याशिवाय राहवतच नाही’, असे बाई सांगते. दिवे मालवले की तो वाढतो, उठून चालले की थांबतो. याचा संबंध अनेकदा शरीरातल्या लोहाच्या साठ्याशी असतो, त्यामुळे हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनची, म्हणजे हा साठा दाखवणारी, तपासणी करावी का, हे डॉक्टरांना विचारावे. सरकारी कार्यक्रमात गरोदर स्त्रीला रोज ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्लाची गोळी आणि कॅल्शियमच्या दोन गोळ्या दिल्या जातात. लोह आणि कॅल्शियम एकाच वेळी घेतल्यास लोह नीट शोषले जात नाही. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. चहाबरोबर ती घेतली तर वाया जाते. बद्धकोष्ठ झाले म्हणून गोळी परस्पर बंद करू नये, दुसरी लिहून घ्यावी.

पाय चेपून देणे ही आपल्याकडची मोठी माया आहे आणि दोन्ही पाय सारखे सुजले असतील तर त्याने बरेही वाटते. पण एकाच पायाची पोटरी सुजली, लाल-गरम झाली, दुखू लागली तर तिला तेल लावून चोळू नये. शिरेत रक्ताची गुठळी झाली असण्याची शक्यता असते. लगेच रुग्णालयात जावे.

घरगुती आणि दुकानातली औषधे

दुधात चिमूटभर जायफळ चवीपुरते चालते, पण झोपेसाठी त्याची मात्रा वाढवणे धोक्याचे आहे. जास्त जायफळ विषारी ठरते. मंदसौर-नीमच हा अफूच्या परवान्याच्या शेतीचा पट्टा इंदूरपासून दूर नाही. तिकडच्या डोड्याचा, म्हणजे अफूच्या बोंडाचा, काढा किंवा होळीला भांग घातलेली ठंडाई गरोदर बाईला कधीही देऊ नये. औषधांच्या दुकानातून परस्पर झोपेची गोळी आणू नये. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामकांनी शेवटच्या महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळची रक्तवाहिनी वेळेआधी मिटू शकते आणि गर्भजल घटू शकते. कंबरेला चोळायच्या अनेक मलमांतही डायक्लोफेनॅक असते, म्हणून डबीवरची अक्षरे वाचावीत.

मनाचा भाग मोठा आहे. २००४ साली सॅन फ्रान्सिस्कोत पहिलटकरणींवर झालेल्या एका अभ्यासात, अखेरच्या आठवड्यांत रात्री सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांच्या कळा जास्त वेळ चालल्या आणि त्यांना सिझेरियनही अधिक लागले. कमी झोपेनेच हे झाले असे त्यातून सिद्ध होत नाही, पण झोप ही चैन नाही एवढे घरच्यांनी यावरून समजावे. दुपारी अर्धा-पाऊण तास झोपायला मिळणे हा तिचा हक्क आहे. रात्री वीस मिनिटांत डोळा लागला नाही तर कूस बदलत राहण्यापेक्षा उठून मंद उजेडात बसावे आणि पेंग आली की परतावे. अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, निघतात आणि सारे इंदूर जागे असते. त्या रात्री मिरवणुकीच्या रस्त्यावर घर असलेल्या कुटुंबाने तिला नातेवाइकांकडे झोपायला पाठवण्यात काही चुकत नाही. शांत खोली मिळूनही झोप न लागणे, सतत रडू येणे, कशातच मन न रमणे हे दोन आठवडे टिकले तर ते डॉक्टरांना सांगावे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावरही मोफत बोलता येते.

सकाळची वाट पाहू नये अशी लक्षणे

बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटणे, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमक, छातीच्या खाली उजवीकडे दुखणे, चेहरा-हात अचानक सुजणे, धाप लागणे. यांपैकी काहीही झाले तर रात्री दोन वाजताही रुग्णालयात जावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका यासाठीच आहे. तळहात-तळपायांना रात्री वाढणारी खाज, अंगावर पुरळ नसताना, यकृताच्या विकाराची खूण असू शकते. तिच्यावर खोबरेल चोळत बसू नये. मोठ्याने घोरणे आणि श्वास अडकून दचकून उठणे हेही नोंदवावे, कारण त्याचा संबंध रक्तदाबाशी असतो. पोट मधूनच कडक होऊन सैल पडणे मात्र बहुधा सरावाच्या कळांमुळे असते. ब्रॅक्स्टन हिक्स या इंग्रज वैद्याने १८७२ साली त्यांचे वर्णन केले. चालल्यावर किंवा कूस बदलल्यावर त्या थांबतात. खऱ्या कळा थांबत नाहीत, त्या जवळ जवळ येत जातात. दिवस भरण्याआधी, म्हणजे ३७ आठवड्यांपूर्वी, पोट ठरावीक अंतराने कडक होऊ लागले तर लगेच दाखवावे.

दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी केंद्रांवर मोफत तपासणी होते. झोपेच्या तक्रारी तिथे सांगायच्या नसतात असे अनेकींना वाटते. त्या सांगाव्यात, आधी लिहून नेल्या तर आणखी बरे.

प्रसूतीनंतर छातीतली जळजळ बहुतेकींची लवकरच थांबते आणि पायांची तगमग काही आठवड्यांत जाते. पायांची सूज पहिले काही दिवस उलट वाढू शकते. तीव्र डोकेदुखी, अंधारी आणि एका पोटरीची सूज यांबाबत मात्र बाळंतिणीवर आणखी सहा आठवडे तितकेच लक्ष ठेवावे लागते.