नाकाच्या अ‍ॅलर्जीत खनिज पूरके

पराग, धुळीतले सूक्ष्म कीटक, बुरशी किंवा प्राण्यांच्या अंगावरचा कोंडा यांमुळे होणाऱ्या नाकाच्या अ‍ॅलर्जीत नेहमीच्या औषधांच्या जोडीला जस्त, मॅग्नेशियम, सेलेनियम, लोह अशी खनिजे देण्याची पद्धत. ‘पूरक’ हा शब्द येथे दोन अर्थांनी वापरला जातो. आहारात कमी पडते ते भरून काढणारे ते पूरक, आणि मुख्य उपचाराला हातभार लावणारे तेही पूरक. पहिल्या अर्थाला भक्कम आधार आहे, दुसऱ्याला तोकडा. आणि बरेचसे दावे या दोहोंची सरमिसळ करूनच उभे राहतात.

नाकाच्या अस्तरातील मास्ट पेशींवर (हिस्टामीन हे खाज-शिंका आणणारे रसायन साठवणाऱ्या पेशी) आयजीई प्रतिपिंडे बसलेली असतात. ज्याची अ‍ॅलर्जी आहे तो पराग त्यांना येऊन चिकटला की या पेशी हिस्टामीन सोडतात. काही मिनिटांतच शिंका, खाज आणि पाण्यासारखा स्राव सुरू होतो. पुढच्या काही तासांत इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी जमून दाह वाढतो आणि रक्तवाहिन्या फुगून नाक चोंदते. खनिजांची बाजू मांडणारे या साखळीतल्या एकेका कडीवर बोट ठेवतात. प्रयोगशाळेत जस्ताचे क्षार मास्ट पेशींतून हिस्टामीन सुटणे रोखतात. मॅग्नेशियम नसलेल्या आहारावर ठेवलेल्या उंदरांच्या रक्तात हिस्टामीन वाढते. सेलेनियम हे दाहातील ऑक्सिडीकरण आवरणाऱ्या एका विकराचा घटक आहे. कॅल्शियमची गोष्ट मात्र गमतीची आहे: मास्ट पेशी हिस्टामीन सोडते तीच मुळी कॅल्शियम आत शिरल्यावर, तरी युरोपात कॅल्शियमचे क्षार अ‍ॅलर्जीवर वर्षानुवर्षे दिले गेले.

रुग्णांच्या रक्तात जस्त किंवा लोह कमी आढळले, एवढ्यावरून ते अ‍ॅलर्जीचे कारण ठरत नाही. शरीरात दाह असला की जस्त रक्तातून यकृतात ओढले जाते, लोह साठवणाऱ्या पेशींतच अडकून राहते आणि चाचणीतला आकडा खाली येतो. म्हणजे कमतरता हा आजाराचा परिणामही असू शकतो. दम्यावरचे निष्कर्ष नाकाला लावण्याची सवयही अशीच फसवी आहे. दम्याच्या तीव्र झटक्यात शिरेतून दिलेले मॅग्नेशियम सल्फेट श्वासनलिकांचे स्नायू सैल करते. नाक चोंदते ते रक्तवाहिन्या फुगल्याने, तिथे या गुणाचा उपयोग नाही. व्हिएन्नातील संशोधकांनी लोह, जस्त, जीवनसत्त्व अ इत्यादी दुधातील एका प्रथिनावर बांधून चघळायची गोळी केली आणि परागांची अ‍ॅलर्जी असलेल्या स्त्रियांमध्ये तिचा काही लाभ दिसला. पण घटक अनेक असल्याने श्रेय खनिजांचे की इतरांचे, हे त्यातून सांगता येत नाही.

मुख्य उपचार आजही स्टेरॉइडचा नाकातला फवारा, झोप न आणणारी हिस्टामीनरोधके आणि १९११ पासून चालत आलेली अ‍ॅलर्जीरोधक लसपद्धती (त्रासदायक पदार्थ थोडाथोडा देऊन शरीराला त्याची सवय लावणे) हेच आहेत. खनिज घ्यायचेच तर आधार असलेले खनिज साधे मीठ, आणि तेही पोटातून नव्हे. मिठाच्या पाण्याने नाक धुतल्यास लक्षणे कमी होऊ शकतात, असे उपलब्ध चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात दिसले, मात्र पुरावा कमी दर्जाचा होता. पाणी उकळून गार केलेले किंवा ऊर्ध्वपातित असावे.

जस्ताची प्रौढांसाठीची वरची मर्यादा दिवसाला ४० मिलिग्रॅम मानतात. त्याहून जास्त दीर्घकाळ घेतल्यास तांब्याची कमतरता होऊन रक्तक्षय आणि मज्जातंतूंचे विकार उद्भवतात. नाकात घालायच्या जस्तयुक्त जेलमुळे वास कायमचा जाण्याचा धोका असल्याचा इशारा अमेरिकी औषध प्रशासनाने २००९ मध्ये दिला होता. सेलेनियमची मर्यादा ४०० मायक्रोग्रॅम. ती दीर्घकाळ ओलांडली तर केस गळतात, नखे ठिसूळ होतात. जादा मॅग्नेशियमने जुलाब होतात. काही प्रतिजैविके आणि थायरॉइडच्या गोळ्या खनिजांसोबत घेतल्यास नीट शोषल्या जात नाहीत. अ‍ॅलर्जीवरच्या फेक्सोफेनाडिनचेही तेच आहे: अ‍ॅल्युमिनियम व मॅग्नेशियम असलेल्या आम्लपित्तनाशकासोबत घेतल्यास त्याचे शोषण सुमारे ४० टक्क्यांनी घटते.