खडीच्या वाटेवरची बाबागाडी

बाबागाड्यांच्या दुकानातली फरशी गुळगुळीत असते आणि गिऱ्हाइकाची पहिली फसगत तिथेच होते. त्या फरशीवर कोणतीही गाडी एका बोटाने ढकलली तरी पुढे सरकते आणि जागच्या जागी गर्रकन वळते. मग जाड नळ्यांचा सांगाडा आणि भारदस्त चेहरामोहरा पाहून आपण ‘ही दणकट दिसते’ असे म्हणून पैसे मोजतो. दणकटपणाचा हा अर्थ रानवाटेवर फारसा उपयोगी पडत नाही. तिथे सांगाडा सहसा मोडत नाही. चाक अडते, बाळ हादरते किंवा गाडी कलंडते, आणि या तिन्ही गोष्टींचा जाड नळ्यांशी संबंध थोडाच असतो.

आम्ही इंग्लंडमध्ये शेफील्डला राहत असताना हे आम्हाला अनुभवातून कळले. तिथून जवळच, डर्बीशरच्या डोंगराळ भागात, १९६८ साली बंद पडलेल्या लोहमार्गावर ‘मॉन्सल ट्रेल’ नावाची सुमारे साडेतेरा किलोमीटरची पायवाट आहे. जुन्या रेल्वेच्या वाटेला चढ बेताचाच असतो, त्यामुळे तिथे आमची छोट्या जोडचाकांची गाडी निमूटपणे चालली. पुढे आम्ही नदीकाठाकडे उतरणारी एक आडवाट धरली. ओल्या खडीत पुढची चाके रुतली, मी जोर लावला, तशी गाडी पुढे जायच्या ऐवजी नाक खुपसून उभी राहिली. शेवटी दोघांनी दोन्हीकडून धरून बाळाची पालखी केली आणि परत वर आणली.

चाक का अडले, याचे उत्तर शाळेतल्या भूमितीत आहे. वाटेत अडीच सेंटिमीटर उंचीचा दगड आहे असे समजू. आपल्या जुन्या घरांतला उंबरठा याहून बराच उंच असे. चाक दगडाला टेकले की ते दगडाच्या कडेभोवती फिरूनच वर चढू शकते. चाक लहान असेल तर दगडाचा धक्का जवळजवळ समोरून, आडवा बसतो. चाक मोठे असेल तर तोच धक्का खालून, तिरका बसतो. गाडी आणि बाळ मिळून २२ किलो वजन धरले आणि त्यातले ६ किलो पुढच्या चाकांवर येते असे मानले, तर आसापाशी आडवा जोर लावून हा दगड चढण्यासाठी १५ सेंटिमीटर व्यासाच्या चाकाला सुमारे पावणेसात किलो वजनाइतके बल लागते. ३० सेंटिमीटरच्या चाकाला चार किलोइतके पुरते आणि ४० सेंटिमीटरच्या चाकाला सव्वातीन किलोइतके. म्हणजे १५ वरून ३० वर जाताना मोठा फायदा होतो, तर ३० वरून ४० वर जाताना थोडासाच. शिवाय अडथळ्याची उंची चाकाच्या त्रिज्येइतकी झाली की असा आडवा जोर कितीही लावला तरी चाक चढत नाही. छोट्या चाकाची ही मर्यादा साडेसात सेंटिमीटरवरच येते, आणि रानातल्या झाडांची मुळे सहज तेवढी वर आलेली असतात. बैलगाडीची चाके एवढी उंच का करत, हे सुताराला सूत्र न मांडताही ठाऊक होते.

हा हिशेब आसापाशी लावलेल्या आडव्या बलाचा आहे. आपण मात्र जोर लावतो तो वर, दांडीवर. उंचावरून पुढे ढकलले की गाडी पुढच्या चाकांवर झुकते आणि अडलेले चाक आणखी दाबले जाते. आमच्या गाडीने नाक खुपसले ते म्हणूनच. अशा वेळी गाडी फिरवून, मागची मोठी चाके पुढे घेऊन ओढावी. ओढताना बलाचा काही भाग गाडीला वर उचलतो. अंगणात रोलर फिरवलेल्या कोणालाही हा फरक हातांनी माहीत असतो.

चाकाच्या व्यासानंतर पाहायची ती धाव, म्हणजे चाकाचा जमिनीला टेकणारा बाहेरचा पट्टा. बाबागाड्यांना हवेचे किंवा भरीव फोमचे टायर असतात, आणि फोमवाल्यांची पंक्चर न होण्याची जाहिरात खोटी नसते. पण खडीवर हवेच्या टायरला तोड नाही, असे माझे मत आहे. त्याचे कारण दाबाच्या हिशेबात दिसते. एका चाकावर ५ किलो भार असेल आणि टायरमध्ये ३० पीएसआय (म्हणजे दर चौरस इंचावर ३० पौंड) दाबाची हवा असेल, तर जमिनीला टेकणारा तुकडा साधारण अडीच चौरस सेंटिमीटरचा असतो. हवा २० पीएसआयपर्यंत उतरवली की तो साडेतीन चौरस सेंटिमीटरपर्यंत वाढतो. मऊ मातीत चाक त्यामुळे कमी रुतते, आणि बारीक खडा टायरखाली आला तर सबंध गाडी उचलली न जाता टायरचाच तेवढा भाग आत दबतो. डांबरी रस्त्यावर घट्ट टायर हलका चालतो, खडीवर थोडा सैल टायर हलका चालतो. टायरच्या कडेला छापलेल्या कमाल दाबापर्यंत दर वेळी हवा भरायलाच हवी असे नाही. बाभळीच्या काट्यांच्या मुलखात, उदाहरणार्थ पुण्याच्या वेताळ टेकडीवर, फिरायचे असेल तर ट्यूबमध्ये छिद्र बुजवणारा द्रव घालावा आणि पिशवीत छोटा पंप ठेवावा.

हवेच्या टायरची हकीकतही एका मुलाच्या गाडीपासूनच सुरू होते. बेलफास्टमध्ये जनावरांचे डॉक्टर असलेले जॉन बॉयड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलला रबरी नळीत हवा भरून केलेली धाव बसवली आणि १८८८ साली तिचे पेटंट घेतले. तशीच कल्पना रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी चार दशकांपूर्वी नोंदवली होती, पण त्या काळात ती रुजली नव्हती. याउलट आज घडीच्या, छत्रीसारख्या मिटणाऱ्या ज्या हलक्या बाबागाड्या आपण विमानतळांवर पाहतो, त्यांचे मूळ १९६५ सालच्या ओवेन मॅक्लॅरेन यांच्या आराखड्यात आहे. हे गृहस्थ विमानाच्या चाकांचा सांगाडा घडवणारे अभियंते होते, आणि त्यांना हवी होती ती कमी वजनाची, झटकन मिटणारी गाडी. ती त्यांनी अप्रतिम साधली. सपाट फरशीसाठी केलेल्या गाडीला खडीवर नावे ठेवण्यात मात्र अर्थ नाही.

आता स्प्रिंगकडे वळू, कारण दुकानात ‘सस्पेन्शन आहे’ एवढ्या दोन शब्दांवर या विषयाची बोळवण होते. स्प्रिंग धक्का नाहीसा करत नाही; काही धक्के ती गाळते आणि काही चक्क वाढवते. कोणते गाळायचे आणि कोणते वाढवायचे, हे तिच्या नैसर्गिक कंपनसंख्येवर, म्हणजे मोकळी सोडली तर ती सेकंदाला किती वेळा खालीवर होते यावर ठरते, आणि ही संख्या काढायला प्रयोगशाळा लागत नाही. सांगाडा वर उचलून स्प्रिंग मोकळी करावी, बाळाला बसवून सांगाडा हळूच खाली सोडावा आणि स्प्रिंग किती दबली ते पट्टीने मोजावे. ती एक सेंटिमीटर दबली असेल तर नैसर्गिक कंपनसंख्या सेकंदाला सुमारे पाच येते, चार सेंटिमीटर दबली असेल तर सुमारे अडीच. बाहेरचा धक्का या संख्येच्या साधारण १.४ पटीहून जलद असेल तरच स्प्रिंग तो गाळू लागते.

पावसाळी दिवसांत रानवाटेऐवजी आपण पेव्हर ब्लॉकच्या पदपथावर फिरतो असे समजा. एक ब्लॉक २० सेंटिमीटर लांब आणि आपली चाल सेकंदाला १.२ मीटर असेल, तर चाकाला सेकंदाला सहा धक्के बसतात. चार सेंटिमीटर दबणारी स्प्रिंग यातले बरेचसे गाळेल. एक सेंटिमीटर दबणाऱ्या स्प्रिंगसाठी मात्र हे सहा धक्के तिच्या स्वतःच्या पाचाच्या इतके जवळ आहेत की ती झोक्याला लयीत हात दिल्यासारखी हिंदकळू लागेल आणि बाळाला रस्त्याहून जास्त हादरे बसतील. बसलेल्या प्रौढ माणसाचे धडही सेकंदाला पाचेक कंपनांच्या आसपास सर्वांत जास्त डोलते, हे ट्रॅक्टर आणि ट्रक चालवणाऱ्यांच्या पाठदुखीच्या अभ्यासांतून चांगलेच माहीत झाले आहे. म्हणून पट्टीने मोजताना स्प्रिंग कमी दबलेली दिसली तर दोनच उपाय उरतात: स्प्रिंग मऊ करण्याची सोय असेल तर ती वापरावी, नाहीतर चाल बदलावी. निम्म्या वेगाने चालले की धक्के सेकंदाला तीनच होतात. ज्या गाड्यांची स्प्रिंग मोठ्या मुलाच्या वजनाला बेतलेली असते, त्या पाच-सहा किलोंच्या तान्ह्या बाळाखाली अगदीच ताठ राहतात, हेही याच हिशेबातून निघते.

चाके तीन असावीत की चार, यावर आईबाप हिरिरीने वाद घालतात. तीन चाकांची बाजू चुलीने कधीच मांडून ठेवली आहे: तीन दगडांवर ठेवलेले पातेले डुगडुगत नाही, कारण तीन बिंदूंतून एक सपाट प्रतल नेहमीच जाते. खाचखळग्यांत तिन्ही चाके जमिनीला टेकलेली राहतात आणि चारचाकीचे एखादे चाक अधांतरी फिरत बसते. पण आडव्या उतारावर पारडे फिरते. मागच्या चाकांत ६० सेंटिमीटर अंतर, पुढच्या आणि मागच्या आसांत ७० सेंटिमीटर, आणि गुरुत्वमध्य (सगळे वजन जिथे एकवटले आहे असे मानता येते तो बिंदू) जमिनीपासून ५० सेंटिमीटर उंच व मागच्या आसाच्या २० सेंटिमीटर पुढे धरला, तर चारचाकी गाडी बाजूला सुमारे ३१ अंश कलेपर्यंत उभी राहते आणि तीनचाकी २३ अंशांनाच कलंडते. तिचा पाया पुढे निमुळता होत जातो, त्याची ही किंमत आहे. डोंगराच्या कुशीतून जाणारी, एका बाजूला झुकलेली वाट रोजची असेल तर मी चारचाकी किंवा मागचा आस रुंद असलेली तीनचाकी घेईन. जंगलातल्या मुळांच्या आणि खडीच्या वाटेला तीनचाकी. चौथ्या चाकापेक्षाही बाळाची बैठक खाली असणे जास्त महत्त्वाचे आहे, कारण गुरुत्वमध्य जितका खाली, तितकी गाडी आडव्या उतारावर सुरक्षित.

तीनचाकीचे पुढचे चाक मोकळे फिरणारे असेल तर ते कुलूपबंद करण्याची खिट्टी आहे का, ते पाहावे. असे मोकळे चाक वेग वाढला की डावी-उजवीकडे थरथरू लागते. सामानाच्या ट्रॉलीचे वेडे चाक आपण सर्वांनी पाहिले आहे. उतारावर आणि खडीवर ते सरळ अडकवून टाकावे आणि वळताना दांडी दाबून पुढचा भाग उचलावा.

दांडी दाबून गाडी उचलणे हा तरफेचा खेळ आहे, आणि तीच तरफ उलटलीही जाते. बैलगाडीवाले मागे भार जास्त झाला की ‘गाडी उलार झाली’ म्हणतात. बाबागाडीही अशीच उलार होते, आणि बहुधा दांडीला लटकवलेल्या पिशवीमुळे होते. वरच्याच गाडीची दांडी मागच्या आसाच्या ३५ सेंटिमीटर मागे आणि जमिनीपासून १०० सेंटिमीटर उंच आहे, तिला ४ किलोंची पिशवी लटकवली आहे, असे धरू. सपाटीवर बाळाच्या बाजूचे आघूर्ण, म्हणजे वजन गुणिले मागच्या आसापासूनचे अंतर, ४४० आणि पिशवीचे १४० किलो-सेंटिमीटर येते, म्हणून काही होत नाही आणि आपण निर्धास्त होतो. तीच गाडी १५ अंशांच्या चढावर नेली की पहिला आकडा घटून १४० वर येतो आणि दुसरा वाढून २३९ होतो. ब्रेक लावून फोन घेण्यासाठी हात सोडला की गाडी मागे आडवी होते. पाण्याच्या बाटल्या आणि डबा खालच्या टोपलीत, मागच्या आसाच्या पुढे ठेवावा. त्याच चढावर २२ किलोंची गाडी आपल्याला पावणेसहा किलोइतक्या बलाने खाली ओढत असते, म्हणून मनगटाचा पट्टा अडकवणे आणि थांबताना ब्रेक लावून गाडी उताराला आडवी उभी करणे ही दोन्ही कामे सवयीची व्हायला हवीत. बाबागाड्यांसाठी युरोपात ईएन १८८८ हे मानक आहे. त्याचा शिक्का गाडीवर शोधावा, आणि जुनी गाडी घेत असाल तर ब्रेकची खिट्टी स्वतः दाबून पाहावी.

हे सगळे जुळले तरी बाळाचे वय शेवटचा शब्द सांगते. नवजात बाळाचे डोके त्याच्या लांबीच्या जवळजवळ पाव भागाइतके असते आणि ते पेलणारी मान अजून कच्ची असते. बसते केले तर हनुवटी छातीवर टेकून श्वासमार्ग अरुंद होऊ शकतो, म्हणून सुरुवातीच्या महिन्यांत पाठ पूर्ण सपाट होणारी बैठक हवी आणि वाट गुळगुळीत हवी. खडबडीत वाटेवर न्यायचे ते बाळ आधाराशिवाय बसू लागल्यावर, म्हणजे साधारण सहा महिन्यांनंतर, आणि गाडी घेऊन पळायचे असेल तर आपल्या बालरोगतज्ज्ञाला विचारून त्याहूनही उशिरा. उन्हासाठी गाडीवर चादर टाकू नये. आत हवा खेळत नाही आणि बाळ तापते. टपाची सावली पुरते.

आमची दुसरी गाडी आम्ही जुनी घेतली: ३० सेंटिमीटरची मागची चाके, हवेचे टायर, सव्वातीन सेंटिमीटर दबणारी स्प्रिंग. घेण्याआधी मी विमानाच्या बॅगा मोजायचा हुकाचा काटा सोबत नेला होता, आणि विकणाऱ्या बाईंच्या दारातल्या पायरीवर चाक टेकवून आसाला काटा लावून ओढून पाहिले. त्या जरा हसल्या, पण मग स्वतःच पट्टी आणून दिली. एवढे करूनही रुंदी मोजायला मी विसरलो. तिथल्या शेतांच्या कडेला ‘किसिंग गेट’ नावाची फाटके असतात: अर्धवर्तुळाकार कठड्यात डोलणारे दार, ज्यातून एकेक माणूस वळून पलीकडे जातो आणि मेंढ्या मात्र अडतात. पहिल्याच फाटकात आमची रुंद गाडीही मेंढ्यांबरोबर अलीकडे राहिली. बाळाला खांद्यावर घेऊन मी पलीकडे गेलो आणि बायकोने मिटलेली गाडी वरून माझ्या हातात दिली. साडेबारा किलो भरते ती.