माणूस पडला की चेंडू कुणाचा? रग्बी आणि अमेरिकन फुटबॉल

चार देशांचे क्रीडावेडे गप्पा मारत बसले आणि एकाने 'कालचा फुटबॉल बघितला का?' असं विचारलं, की आधी कुठला फुटबॉल हे ठरवण्यातच वेळ जातो. ब्राझीलच्या माणसाला दुसरा काही फुटबॉल असतो हेच पटत नाही. अमेरिकेच्या माणसाच्या डोळ्यांपुढे दोन्ही टोकांना निमुळता चेंडू असतो. आयरिश माणसाला गेलिक फुटबॉल आठवतो, ज्यात चेंडू गोल असला तरी हातात घेता येतो. मेलबर्नचा माणूस 'फुटी' म्हणतो ते ऑस्ट्रेलियन रूल्सला, सिडनीचा बहुधा रग्बी लीगला, आणि न्यूझीलंडच्या माणसाची फुटी म्हणजे रग्बीच.

हा नावांचा घोळ तसा लवकर मिटतो. दिसण्याचा मिटत नाही. टीव्हीवर चॅनेल बदलता बदलता धिप्पाड माणसं एकमेकांवर आदळताना दिसली, अंड्यासारखा चेंडू दिसला, मैदानाच्या टोकाला उंच खांब दिसले, की बहुतेकांचा निकाल ठरलेला असतो: हेल्मेट असेल तर अमेरिकन, नसेल तर रग्बी. उत्तर बरोबर येतं, पण त्यातून खेळ काही कळत नाही. 'अमेरिकन फुटबॉल म्हणजे चिलखत घालून खेळलेली रग्बी' हे वाक्य तर दोन्ही खेळांच्या चाहत्यांना सारखंच झोंबतं, आणि माझ्या मते त्यांचा राग रास्त आहे.

खरा फरक बघायचा तर नजर हेल्मेटवरून काढून जमिनीवर न्यायची. चेंडू घेऊन पळणारा माणूस पाडला गेला, आता पुढे काय?

रग्बीत खेळ थांबत नाही. पाडणाऱ्याने पडलेल्याला लगेच सोडायचं आणि पडलेल्यानेही चेंडू लगेच सोडायचा. तेवढ्या क्षणात चेंडू कुणाचाच नसतो. पायांवर उभा असलेला प्रतिस्पर्धी सर्वांत आधी पोचला तर तो वाकून चेंडू उचलू शकतो, आणि खाली पडलेला पठ्ठ्या तरीही चेंडूला मिठी मारून बसला तर पेनल्टी प्रतिस्पर्ध्याला. दोन्हीकडचे खेळाडू चेंडूच्या वर एकमेकांना भिडले की त्याला रक म्हणतात. तिथे चेंडूला हात लावायचा नाही, ढकलून समोरच्यांना मागे रेटायचं, आणि चेंडू आपल्या बाजूला आला की पुन्हा पळापळ सुरू. नवख्या प्रेक्षकाला हा नुसता माणसांचा ढिगारा वाटतो. जाणकाराचा निम्मा सामना त्या ढिगाऱ्यातच चाललेला असतो.

अमेरिकन फुटबॉलमध्ये पाडलेल्याचा गुडघा टेकला की शिट्टी. चेंडू मेला. तो होता त्याच संघाकडे राहतो आणि तिथूनच पुढचा प्रयत्न सुरू होतो. (पडण्याआधी हातातून निसटला तर मात्र तो फम्बल, मग जो झडप घालेल त्याचा.) संघाला १० यार्ड पुढे जायला चार प्रयत्न मिळतात, ज्यांना डाउन म्हणतात. तेवढ्यात १० यार्ड कापले की नवे चार, नाहीतर चेंडू दुसऱ्याला.

म्हणजे रग्बीत प्रत्येक पडण्याबरोबर मालकीचा वाद उभा राहतो आणि अमेरिकन फुटबॉलमध्ये पडणं हाच त्या वादावरचा निकाल असतो. बाकीचे जवळजवळ सगळे फरक इथूनच फुटतात.

हे असं वेगळं कसं झालं ते बघण्यासारखं आहे, कारण मूळ एकच. १८६९ मध्ये रटगर्स आणि प्रिन्स्टन या महाविद्यालयांत झालेला सामना अमेरिकन फुटबॉलचा पहिला मानतात, पण त्याचे नियम आजच्या सॉकरच्या जवळचे होते. १८७४ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाचा संघ हार्वर्डला आला तो रग्बीचे नियम घेऊन, आणि हार्वर्डच्या मुलांना तो खेळ आवडला. तिथून अमेरिकेत रग्बी रुजली. पुढे येलच्या वॉल्टर कॅम्पने त्यातली गोंधळाची जागाच कापून टाकली. १८८० मध्ये त्याच्या पुढाकाराने संघात ११ खेळाडू आणि चेंडूसाठी झटापट करण्याऐवजी एका संघाकडे निर्विवाद ताबा, असा नियम झाला. खेळ जिथून पुन्हा सुरू होतो त्या रेषेला अमेरिकेत आजही 'लाइन ऑफ स्क्रिमेज' म्हणतात. हे स्क्रिमेज म्हणजे रग्बीतल्या स्क्रमचंच भावंड (स्क्रम म्हणजे दोन्हीकडचे खेळाडू एकमेकांत गुंतून चेंडूसाठी रेटारेटी करतात ती). शब्द राहिला, झटापट गेली.

पण निर्विवाद ताब्याची गंमत अशी की ज्याच्याकडे चेंडू आहे त्याने पुढे जायचंच कशाला? १८८१ मध्ये येल आणि प्रिन्स्टन यांच्या सामन्यात नेमकं हेच झालं. एकेका संघाने अर्धा अर्धा डाव चेंडू नुसता धरून ठेवला आणि सामना एकही गुण न होता संपला. म्हणून १८८२ मध्ये तीन प्रयत्नांत ५ यार्ड अशी अट आली. मोजमापासाठी मैदानावर दर पाच यार्डांवर रेषा मारल्या गेल्या आणि मैदान शेगडीच्या जाळीसारखं दिसू लागलं. 'ग्रिडिरॉन' हे टोपणनाव त्यावरूनच पडलं. आजचे चार प्रयत्न आणि टचडाउनचे (चेंडू गोलरेषेपर्यंत नेण्याचे) ६ गुण १९१२ पासूनचे.

इथे एक आडवळण घेतो, कारण रग्बी स्वतःही एक नाही. १८९५ मध्ये इंग्लंडच्या उत्तरेकडचे क्लब हडर्सफील्डला जमले आणि वेगळे झाले. कामगार खेळाडूंच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई द्यायची की नाही, यावर ते भांडण होतं. त्या फुटीतून रग्बी लीग निघाली, १३ जणांची. (पंधरा जणांची ती रग्बी युनियन, या लेखात नुसतं रग्बी म्हटलं की तीच.) नंतर लीगवाल्यांनी माणूस पडल्यावरची झटापट काढून टाकली. मग काय, चेंडू धरून बसणारे संघ तिथेही निघाले. १९६६ मध्ये चार टॅकलची, म्हणजे चारदा पाडले जाण्याची, मर्यादा घालावी लागली, १९७२ मध्ये ती सहा झाली. अटलांटिकच्या दोन्ही बाजूंना रोग तोच आणि औषधही तेच, फक्त मध्ये चौऱ्याऐंशी वर्षं गेली. लीग म्हणजे या दोन खेळांमधला पूल आहे असं मी म्हणतो. लीगच्या चाहत्यांसमोर म्हणत नाही.

आता पासाचं. रग्बीत हाताने पास फक्त बाजूला किंवा मागे. पुढे न्यायचा तर घेऊन पळा किंवा लाथ मारा. म्हणून चेंडूवाला सगळ्यांत पुढे आणि साथीदार त्याच्या मागे तिरके पसरलेले, असं चित्र दिसतं. अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रत्येक प्रयत्नात एकच पास पुढे फेकता येतो, तोही स्क्रिमेजच्या रेषेमागून. हा पास मुळात नव्हता. १९०५ च्या हंगामात मैदानावर झालेल्या मृत्यूंनी देश हादरला होता. खुद्द राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळ सुधारायला सांगितलं. १९०६ पासून पुढचा पास कायदेशीर झाला. एकाच जागी दाटलेली माणसं मैदानभर पसरावीत, हा एक हेतू. आज क्वार्टरबॅकचा, म्हणजे आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूचा, लांब पास ही त्या खेळाची ओळख आहे.

लाथेचा अर्थही उलटा झाला. रग्बीत पुढे मारलेली लाथ हे आक्रमण असू शकतं, कारण स्वतः मारून स्वतःच पळत जाऊन चेंडू पकडता येतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये चौथ्या डाउनवरची पंट (हातातून सोडून मारलेली लांब लाथ) म्हणजे बहुतेक वेळा 'घ्या, आता तुमची पाळी, पण जरा लांबून सुरुवात करा'.

माझ्या मते प्रेक्षकाला सर्वांत उशिरा दिसणारा आणि सर्वांत मोठा फरक चेंडूपासून लांब घडतो. रग्बीत ज्याच्या हातात चेंडू नाही त्याला पाडता येत नाही, आणि आपल्या चेंडूवाल्यापुढे भिंत होऊन उभंही राहता येत नाही. तो अडथळा, म्हणजे गुन्हा. अमेरिकन फुटबॉलमध्ये अशी भिंत होणं हा पेशा आहे. जॉर्डन मायलाटा हा ऑस्ट्रेलियाचा रग्बी लीगपटू, दोन मीटरहून उंच. अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळलेला नसताना २०१८ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्स या व्यावसायिक संघाने त्याची निवड केली. चेंडू काखेत घेऊन माणसं उडवत जाणारा हा गडी तिकडे लेफ्ट टॅकल झाला. म्हणजे चेंडूला हात न लावता क्वार्टरबॅकवर धावून येणाऱ्यांना थोपवायचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याने सुपर बोल, म्हणजे तिकडचा अंतिम सामना, जिंकला. उलट उदाहरण वेल्सच्या लुई रीस-झॅमिटचं. रग्बीतला अतिशय वेगवान विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने पळणारा, २०२४ मध्ये अमेरिकेला गेला आणि नियमित हंगामातला एकही सामना न खेळता २०२५ मध्ये रग्बीत परतला. वेग दोन्हीकडे लागतो. पण तिकडे सेकंदाच्या हिशोबाने आखून दिलेल्या वाटेवरून पळायचं असतं, आणि अशा वाटांची जाडजूड वही पाठ करावी लागते.

ती वही शक्य होते ती खेळ थांबतो म्हणूनच. क्रिकेटमध्ये चेंडूगणिक क्षेत्ररक्षण बदलतं तसं इथे प्रत्येक प्रयत्नाआधी नवी मांडणी होते. प्रशिक्षकाचा आवाज थेट क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये ऐकू येतो. आक्रमणाचे ११ वेगळे, बचावाचे ११ वेगळे, लाथा मारणारे वेगळे, आणि बदलांना मर्यादा नाही. ६० मिनिटांचा खेळ त्यामुळे तीन तास चालतो. रग्बीत ८० मिनिटं तेच पंधरा जण पळतात, पाडतात, उठतात. बदली खेळाडू फक्त आठ, आणि बाहेर गेलेला एरवी परत येत नाही. प्रशिक्षक प्रेक्षकांत बसून हात चोळतो. ८० मिनिटं झाली तरी चेंडू जिवंत असेपर्यंत सामना संपत नाही.

गुणांच्या बाबतीत भाषेनेच थट्टा केली आहे. टचडाउन म्हणजे शब्दशः जमिनीला टेकवणं. पण अमेरिकेत टचडाउनसाठी चेंडू टेकवावा लागत नाही, गोलरेषेच्या हवेतल्या पडद्याला नुसता भेदला तरी ६ गुण. रग्बीतल्या ट्रायला मात्र तो दाबून टेकवावाच लागतो, तेव्हा ५. ट्राय म्हणजे प्रयत्न. सुरुवातीच्या काळात चेंडू टेकवण्याला गुणच नव्हते, त्याने खांबांमधून लाथ मारण्याचा प्रयत्न करायचा हक्क मिळायचा. खांबांमधलं अंतर तर दोन्हीकडे आजही सुमारे ५.६ मीटर आहे. फक्त रग्बीचे खांब गोलरेषेवर उभे असतात, आणि अमेरिकन व्यावसायिक फुटबॉलमध्ये १९७४ पासून ते १० यार्ड मागे नेले आहेत. ट्रायनंतरची २ गुणांची लाथ ट्राय जिथे टेकवला त्याच्या सरळ रेषेतून मारायची असते. म्हणून गोलरेषा ओलांडलेला रग्बीपटू मध्येच खांबांकडे वळताना दिसला तर बुचकळ्यात पडू नका, तो मित्राची लाथ सोपी करतोय.

चिलखतावरून कोण शूर, हा गप्पांमधला ठरलेला वाद. त्यात मी फारसा पडत नाही. रग्बीत टॅकल करताना हात लपेटावे लागतात आणि खांद्यांच्या वर पकडता येत नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये हात न लपेटता खांद्याने उडवता येतं, आणि चेंडू नसलेल्यांचीही टक्कर चालूच असते. तिथे ती गादी शोभेची नाही. डोक्याच्या दुखापतींची काळजी मात्र दोन्ही खेळांना सारखीच लागलेली आहे.

आणि अमेरिकेच्या चाहत्याला रग्बी कळत नाही असं कुणी म्हटलंच, तर त्याच्याकडे एक हुकमी पान आहे. पंधरा जणांची रग्बी ऑलिंपिकमध्ये शेवटची खेळली गेली ती १९२४ मध्ये पॅरिसला, आणि अंतिम सामन्यात यजमान फ्रान्सला १७-३ असं हरवून सुवर्ण नेलं ते अमेरिकेने. त्याआधीचं १९२० चंही त्यांचंच. २०१६ मध्ये रग्बी परतली ती सात जणांची, त्यामुळे पंधरा जणांचे ऑलिंपिक विजेते अजून तेच. यावर न्यूझीलंडचा माणूस गालात हसतो. त्या स्पर्धेत त्याचा संघ नव्हताच. तो १९२४ मध्येच निघाला होता ब्रिटन, आयर्लंड, फ्रान्स आणि कॅनडाच्या दौऱ्यावर, आणि तिथले सगळे ३२ सामने जिंकून घरी आला.