एर्दिग: मागच्या दाराने शिरायचा वाडा

वेल्सच्या ईशान्य कोपऱ्यात, रेक्सहॅम शहराच्या दक्षिणेला दोनेक मैलांवर एर्दिगचा वाडा आहे. (वेल्श लोक यातला ‘द’ जीभ वरच्या दातांना जेमतेम टेकवून म्हणतात, ‘द’ आणि ‘झ’ यांच्या मधला.) इथे येणारा पाहुणा दर्शनी पायऱ्या चढून आत जात नाही. त्याला आधी सुतारशाळा लागते, मग लाकडे कापायचा करवतीचा खड्डा, लोहाराचा भाता, तबेला, धुलाईघर, पावाची भट्टी. त्यानंतर स्वयंपाकघर आणि नोकरांचे जेवणघर. मालकांच्या खोल्या सगळ्यात शेवटी. १९७७ मध्ये वाडा लोकांसाठी खुला झाला तेव्हापासून वाट अशीच आखलेली आहे. वेल्समध्ये याहून भव्य वाडे बरेच आहेत, पण नोकरांच्या अंगणातून आत नेणारा हा वाडा आधी पाहावा असे मला वाटते. ही वाट अशी का पडली, हे कळायला तीनशेहून अधिक वर्षे मागे जावे लागते.

सुरुवात कर्जापासून होते. जोशुआ एडिसबरी हा डेन्बीशायर परगण्याचा हाय शेरीफ, म्हणजे राजाने नेमलेला अंमलदार. १६८४ मध्ये त्याने हे घर बांधायला घेतले. विटांचे, दुमजली, नऊ खिडक्या रुंद असे हे घर त्याच्या ऐपतीबाहेरचे होते. त्याला पैसे देणाऱ्यांत एलिहू येल होता, ज्याच्या नावाने अमेरिकेतले येल विद्यापीठ चालते तोच. येलचे घराणे याच भागातले आणि त्याची कबर आजही रेक्सहॅमच्या सेंट जाइल्स चर्चच्या आवारात आहे. तो पैसा मात्र मद्रासचा होता. १६८७ ते १६९२ या काळात येल ईस्ट इंडिया कंपनीचा मद्रासचा गव्हर्नर होता.

मराठी वाचकाने इथे क्षणभर थांबावे. त्याच वर्षांत राजाराम महाराज जिंजीला होते, मोगलांचा वेढा पडत होता आणि स्वराज्याला पैशाची निकड होती. १६९० मध्ये कंपनीने कडलूरजवळचा तेगनापट्टणचा किल्ला मराठ्यांकडून विकत घेतला. किल्ल्यावरून तोफ डागायची आणि गोळा जिथे पडेल तिथपर्यंतची गावे कंपनीची, असा तो करार. हाच पुढे फोर्ट सेंट डेव्हिड झाला. मद्रासच्या बाजूने हा व्यवहार येलच्या कारकिर्दीतला. म्हणजे जिंजीच्या दरबाराशी सौदा करणारा गव्हर्नर आणि वेल्समधल्या या वाड्याचा सावकार एकच. येलने एडिसबरीला भेट दिलेला लाखकामाचा उभा पडदा आजही वाड्यात आहे. चीनमध्ये बनलेले असे पडदे चोळमंडळ किनाऱ्यावरच्या बंदरांतून युरोपला जात, म्हणून त्यांना तिकडे ‘कोरोमंडल’ म्हणतात.

एडिसबरी कर्जात बुडाला. १७१० च्या दशकात लंडनचा एक श्रीमंत वकील, जॉन मेलर, याने एर्दिग विकत घेतले. मेलरने दोन्ही अंगांना नव्या खोल्या जोडल्या आणि लंडनहून सोनेरी-रुपेरी मुलाम्याचे सामान आणवले. चिनी रेशमी भरतकामाचा पाहुण्यांचा पलंग त्याच्याच काळातला. त्याने लग्न केले नाही. १७३३ मध्ये तो वारल्यावर वाडा त्याचा भाचा सायमन यॉर्क याच्याकडे गेला. तिथून १९७३ पर्यंत, २४० वर्षे, मालक यॉर्कच. त्यांची नावेही दोनच, सायमन किंवा फिलिप. कागदपत्रे चाळताना कोण कितवा हे तपासत बसावे लागते.

या घराण्याला मोठेपणाचा ध्यास नव्हता. यॉर्कांची ओळख दोन सवयींत आहे: काही टाकायचे नाही आणि घरातल्या माणसांची नोंद ठेवायची. पहिल्या सवयीमुळे वाड्यात आज सुमारे ३०,००० वस्तू आहेत, भारी फर्निचरापासून साध्या घरगुती भांड्याकुंड्यांपर्यंत. दुसऱ्या सवयीमुळे एर्दिगला जोड सापडणे कठीण.

पहिला फिलिप यॉर्क (१७४३–१८०४) वेल्सच्या जुन्या राजघराण्यांच्या इतिहासात रमणारा गृहस्थ. १७९० च्या दशकात त्याने डेन्बीच्या जॉन वॉल्टर्स या चित्रकाराकडून आपल्या नोकरांची तैलचित्रे काढून घेतली आणि प्रत्येकासाठी स्वतः पद्य रचून चित्रातच लिहवून घेतले. शिकारी रानाचा राखणदार, लोहार, सुतार, स्वयंपाकघरातला हमाल असे सगळे त्यात आहेत. इंग्लंड-वेल्समधल्या श्रीमंत घरांत त्या काळी भिंतीवर लागत ते पूर्वज आणि घोडे. कोळिष्टके झाडणाऱ्या बाईचे चित्र कोण लावणार? इथे ते लागले. जेन एब्रेल, वय ८७, हातात झाडू. पद्यात तिला सगळ्यांची आई म्हटले आहे आणि जवळजवळ सत्तर वर्षे तिने इथे काम केल्याचा हिशेबही दिला आहे. कोळिष्टके झाडणे हे तिचे पद म्हणूनच नोंदले आहे, गमतीत नाही.

पुढच्या पिढ्यांनी परंपरा सोडली नाही. १८३० मध्ये आणखी चित्रे आली आणि १८५२ पासून छायाचित्रे. प्रत्येक जण आपल्या कामाचे हत्यार हातात धरून वाड्यासमोर उभा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत मालक त्यांच्यावर पद्ये रचतच होते.

हे सगळे पाहून भारावून जाण्याआधी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. चेहरा नोकराचा असला तरी पद्यातला आवाज मालकाचा आहे. जेन एब्रेलला स्वतःच्या सत्तर वर्षांबद्दल काय वाटत होते, ते भिंतीवर नाही. याच चित्रांत हातात शिंग धरलेला आफ्रिकी वंशाचा एक तरुण गाडीवान आहे. त्याच्याविषयी ठाऊक असलेले फार थोडे आहे, अशी कबुली त्याच्या पद्यातच दिलेली आहे. इतरांचे वय आणि कामाची वर्षे मोजणाऱ्या घराला या माणसाबद्दल सांगण्यासारखे जवळजवळ काहीच नव्हते. आणि १९०७ मध्ये याच घरातल्या मुख्य स्वयंपाकिणीवर मालकिणीने शेकडो पौंडांच्या अफरातफरीचा खटला भरला. ज्युरीने तिला निर्दोष सोडले. एर्दिगच्या आपुलकीच्या गोष्टी सांगताना ही गोष्टही सांगितली पाहिजे.

नोकरांच्या हातची सगळ्यात देखणी खूण मात्र चित्रांत नाही, काचेखाली आहे. बेट्सी रॅटक्लिफ ही यॉर्क घरातली खासगी दासी. तिने १७६७ मध्ये चिनी पॅगोडाची आणि १७७३ मध्ये सीरियातल्या पाल्मिराच्या भग्न मंदिराची प्रतिकृती बनवली, अभ्रक, शिंपले असले चमकणारे तुकडे एकेक चिकटवून. पाल्मिरा तिने कधी पाहिले नव्हते. या एका वस्तूपुढे मी मेलरचे सगळे सोनेरी सामान बाजूला ठेवीन.

आता बाहेर पडू. वाड्याभोवतीचे रान सुमारे १,२०० एकर आहे आणि ते वाड्याहून पुष्कळ जुने आहे. झाडीतून वॉट्स डाइक जातो, मध्ययुगाच्या आरंभीचा मैलोन्मैल लांब मातीचा बांध आणि त्यालगतचा खंदक. त्याच टेकाडावर नॉर्मन सरदारांच्या गढीचा उंचवटा आहे. वरून बांधकाम गेले, माती राहिली. आपल्याकडच्या पडक्या गढ्या पाहिलेल्या डोळ्यांना ती लगेच ओळखू येईल.

१७६८ पासून विल्यम एम्स या उद्यानरचनाकाराने पहिल्या फिलिपसाठी हे रान आखले. त्याचे सगळ्यात नवलाचे काम ‘कप-बशी’ म्हणून ओळखले जाते. ओढ्याचे पाणी दगडी बशीसारख्या गोल कुंडात येते, मधल्या भोकातून खाली पडते आणि बोगद्यातून पुढे निघते. १७७४ च्या सुमाराचे हे काम आजही चालू आहे. त्या काळी नैसर्गिक दिसणाऱ्या उद्यानांच्या लाटेत घरोघरच्या जुन्या रेखीव बागा उखडल्या गेल्या. फिलिपने मात्र वाड्यामागची बाग, तिचा सरळ कालवा आणि भिंतीलगतची फळझाडे तशीच राहू दिली. १७४० मध्ये काढलेले या बागेचे एक छापील विहंगम चित्र शिल्लक होते. दोनशेहून अधिक वर्षांनी दुरुस्तीच्या वेळी त्याचा नकाशासारखा उपयोग झाला.

रानातून वाहणाऱ्या क्लुएडॉग नदीच्या काठाने वर गेले की बर्शम गाव लागते. इथल्या भट्टीत जॉन विल्किन्सनने १७७४ मध्ये भरीव लोखंड आतून अचूक कोरून तोफा बनवण्याची रीत बसवली. जेम्स वॉटच्या वाफेच्या इंजिनाला लागणारे तंतोतंत गोल सिलिंडर याच कसबातून मिळाले. लोखंड होते म्हणजे कोळसा होता, आणि कोळशाने या भागाला पोसले तसे रडवलेही. २२ सप्टेंबर १९३४ रोजी रेक्सहॅमजवळच्या ग्रेसफर्ड खाणीत स्फोट होऊन २६६ माणसे मेली.

एर्दिगच्या खालीही कोळसा होता. १९४७ मध्ये खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि बर्शम खाणीचे खोदकाम थेट वाड्याखाली आले. घर एका टोकाला सुमारे पाच फूट खचले, दुसऱ्या टोकाला त्याहून कमी, त्यामुळे भिंतींना तडे गेले. तेव्हाचा मालक चौथा सायमन एकटा राहत असे. घरात वीज नाही, टेलिफोन नाही, छतातून पाणी गळते. तो १९६६ मध्ये वारला आणि धाकटा भाऊ फिलिप वारस झाला. फिलिपने तरुणपणी नाटकमंडळी चालवली होती, पर्यटकांच्या सहली नेल्या होत्या. तोही अविवाहित. वाड्याच्या लॉनवर मेंढ्या चरत होत्या, भिंतींना चिनी कागद लावलेल्या खोलीत पावसाचे थेंब पडत होते, आणि त्याने ठरवले की घर विकायचे नाही.

मार्च १९७३ मध्ये त्याने एर्दिग सामानासकट नॅशनल ट्रस्टला, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला दिले. अट एकच, इथली वस्तू इथेच राहावी. सरकारी खाण मंडळाकडून १,२०,००० पौंड नुकसानभरपाई मिळाली, पण ती पुरणारी नव्हती. रानाच्या कडेची ६३ एकर जमीन घरबांधणीसाठी ९,९५,००० पौंडांना विकली गेली आणि त्या पैशावर दुरुस्ती उभी राहिली. जमीन गेल्याची हळहळ वाटते, पण तसे केले नसते तर घर उरले नसते. २७ जून १९७७ रोजी तेव्हाचे युवराज चार्ल्स यांच्या हस्ते वाडा खुला झाला. शेवटचा यॉर्क पुढच्याच वर्षी वारला.

पाहायला जाणाऱ्याने वाड्यासाठी अर्धा दिवस आणि रानासाठी अर्धा दिवस ठेवावा. ऑक्टोबरात गेलात तर भिंतीलगतच्या झाडांवर सफरचंदे असतात, आणि बागेत १८० हून अधिक जाती आहेत. परतताना जवळच्या रोस्टिलन गावाच्या बाजूला बर्शम खाणीचा पाळणा वर-खाली करणारा लोखंडी मनोरा दिसेल. खाण १९८६ मध्ये बंद झाली, मनोरा जपून ठेवला आहे.