मुलांची फोटो-माहितीपुस्तके : संस्कृती आणि समाजजीवन (सातारा–सांगली परिसर)

एखाद्या समाजाचे काम, घर, खाणे, शाळा, सण आणि प्रवास खऱ्या छायाचित्रांतून व थोडक्या मजकुरातून मुलांना सांगणारी पुस्तके म्हणजे फोटो-माहितीपुस्तके. त्यांत छायाचित्र मजकुराच्या शोभेसाठी नसते. माहितीचा मोठा वाटा तेच उचलते आणि मजकूर नाव, ठिकाण व क्रम पुरवतो. वाचक साधारण पाच ते बारा वर्षांचे. पर्यटनाची गुळगुळीत पुस्तिका किंवा एखाद्या घराण्याचा गौरवग्रंथ या प्रकारात धरत नाहीत, मग पाने कितीही रंगीत असोत.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत अशा पुस्तकांचे विषय हाकेच्या अंतरावर आहेत. सांगलीची हळद, मिरजेची तंतुवाद्ये, माण–आटपाडीकडचे मेंढपाळ, फलटणवरून जाणारी पालखी, बावधनचे बगाड (यात्रेत ओढला जाणारा उंच लाकडी गाडा), कृष्णाकाठच्या कारखान्यांभोवती पडणारे ऊसतोड कामगारांचे तळ. कॅमेरा घेऊन येणारा माणूस मात्र आधी बगाड, पालखी आणि रथाकडेच धावतो. वर्षाचे उरलेले दिवस ही माणसे काय करतात, हे पुस्तकात यायचे राहून जाते.

पूर्वपीठिका

मुलांना जग चित्रांतून दाखवण्याची कल्पना फोटोपेक्षा बरीच जुनी आहे. कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाचे लाकडी ठशांच्या चित्रांचे लॅटिन–जर्मन पुस्तक १६५८ मध्ये न्यूरेंबर्गला निघाले. त्यात सुतार, शिंपी, पाव भाजणारा असे कामकरी लोक अवजारांसह दाखवले होते. छायाचित्रे मुलांच्या पुस्तकांत नेटाने आली ती विसाव्या शतकात. १९३० मध्ये मेरी स्टायकेन मार्टिन आणि त्यांचे वडील, छायाचित्रकार एडवर्ड स्टायकेन यांनी अमेरिकेत अगदी लहान मुलांसाठी रोजच्या वस्तूंच्या फोटोंचे पुस्तक काढले.

‘दुसऱ्या देशातले मूल’ हा साचा रूढ झाला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. स्वीडनच्या छायाचित्रकार आना रिव्हकिन यांचे सामी मुलीवरचे पुस्तक १९५१ मध्ये आले. पुढे जपान, टांझानिया आणि इतर ठिकाणच्या मुलांवर त्यांनी मालिकाच केली आणि तिच्यातील अनेक पुस्तकांचा मजकूर आस्त्रिद लिंडग्रेन यांनी लिहिला. फ्रान्समध्ये दोमिनिक दार्ब्वा यांची जगातील मुलांवरची मालिका १९५२ पासून निघू लागली. युद्धाने पोळलेल्या पिढीला वाटत होते की मुलांनी एकमेकांचे चेहरे पाहिले तर वैर कमी होईल. हेतू चांगलाच होता. पण यांतल्या काही पुस्तकांत फोटो खरे आणि गोष्ट रचलेली असे, आणि पुस्तकातील मुलाला आपल्याबद्दल काय लिहिले आहे ते वाचता येण्याची शक्यता कमीच असे. या प्रकाराची जुनी दुखरी नस तीच आहे.

१९९५ मध्ये युनिसेफच्या सहकार्याने निघालेल्या बार्नाबस आणि अ‍ॅनाबेल किंडर्सली यांच्या पुस्तकाने मांडणी बदलली. मूल, त्याचे कपडे, ताट, खेळणी, सगळे मूळ पार्श्वभूमीतून कापून पांढऱ्या पानावर ठेवले. तुलना सोपी झाली, पण परिसर गेला. अंगण, गोठा, शेजारी दिसेनासे झाले की मूल दुकानाच्या काचेत मांडल्यासारखे दिसते. अमेरिकेत जॉर्ज अँकोना यांनी मेक्सिकन आणि लॅटिनो वस्त्यांवर केलेली पुस्तके याच्या उलट वळणाची. तिथे माणसे आपापल्या गल्लीतच दिसतात.

भारतात नॅशनल बुक ट्रस्ट (स्थापना १९५७) आणि प्रथम बुक्स (२००४) यांनी स्वस्त, बहुभाषी बालपुस्तकांचा पाया घातला. प्रथमच्या ‘स्टोरीवीव्हर’ या मंचावर २०१५ पासून खुल्या परवान्याची पुस्तके मराठीतही मिळतात. तरी मराठी बालवाचनात रेखाचित्राचेच राज्य आहे. कारण बहुतांशी खर्चाचे होते. खिळ्यांच्या छपाईच्या काळात प्रत्येक फोटोसाठी धातूचा हाफटोन ब्लॉक करून घ्यावा लागे आणि साध्या कागदावर तो काळवंडे. किर्लोस्करवाडीहून १९२० पासून ‘किर्लोस्कर खबर’ (पुढे ‘किर्लोस्कर’), मग ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ निघाली. सचित्र मासिक खेड्यातून निघू शकते हे सांगली जिल्ह्यातल्या या गावाने दाखवून दिले, पण ती वाचायची मोठ्यांनी. मुलांसाठी पानापानावर फोटो परवडू लागले ते ऑफसेट आणि नंतर डिजिटल कॅमेरा आल्यावर.

कामाचे पुस्तक

या प्रकारातील सर्वांत कसदार पुस्तके ‘हे कसे बनते’ सांगणारी असतात, कारण तिथे फोटोंना आपोआप क्रम मिळतो आणि मजकुराला फुगायला जागा उरत नाही.

मिरजेचा तानपुरा घ्या. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतून इथले कारागीर तयार झाले. फरीदसाहेब सतारमेकर हे त्यांतले आद्य नाव मानले जाते. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पुस्तकाची पहिली पाने वाळलेल्या भोपळ्यांची. माळ्यावर आणि भिंतीकडेला रचलेले हे भोपळे खाण्याचे नव्हेत, कडू जातीचे असतात. मग भोपळा पाण्यात भिजवून कापणे, आतला गर काढणे, तोंड हवे त्या आकारात ताणून धरणे. त्यानंतर तुणीच्या लाकडाची दांडी, वरची तबली, खुंट्या, नक्षी, पॉलिश. इथपर्यंत कॅमेरा साथ देतो. अडतो तो जवारीपाशी, म्हणजे सूर जुळवणाऱ्या घासकामापाशी. घोडीचा, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा कानसीने किंचित घासायचा, तार छेडून ऐकायची, पुन्हा घासायची. फोटोत दिसते ते इतकेच की एक माणूस मान वाकवून बसला आहे. बदल होतो तो आवाजात. समंजस संपादक इथे कारागिराच्या बोटांचा आणि कानाजवळच्या चेहऱ्याचा असे दोन फोटो शेजारी ठेवतो, किंवा पानावर क्यूआर कोड देऊन आधीचा आणि नंतरचा सूर ऐकवतो. “यातून मधुर ध्वनी निघतो” असे लिहून मोकळे होणे ही पळवाट आहे.

हळदीच्या पुस्तकात दुसरी अडचण येते. जानेवारी ते मार्चमधली काढणी, गड्डे आणि हळकुंडे वेगळी करणे, शिजवणे, उन्हात पसरणे, ड्रममध्ये घालून पॉलिश करणे, मार्केट यार्डातले सौदे, सगळे उजेडात चालते आणि पिवळा रंग पान भरून टाकतो. पण सांगलीजवळच्या हरिपूरची पेवे? जमिनीत खणलेली, अरुंद तोंडाची, आत रुंद होत जाणारी ही कोठारे हळद वर्षानुवर्षे टिकवत. पेव उघडल्यावर लगेच आत उतरत नाहीत, कोंडलेल्या वायूने जीव जाऊ शकतो. आधी कंदील खाली सोडतात, तो विझला तर थांबायचे. २००५ च्या महापुराने यांतल्या बऱ्याच पेवांची वाताहत झाली आणि माल गोदामांत व शीतगृहांत गेला. फोटोत पेव म्हणजे जमिनीतले एक काळे भोक. त्याचा उभा छेद हाताने काढलेल्या चित्रातच कळतो, कंदील कुठवर गेला तेही. म्हणून फोटो-पुस्तकात चित्र घालणे हा नियमभंग समजू नये. जिथे प्रकाश पोचत नाही तिथे पेन्सिल पोचते.

घोंगडीचे पुस्तकही याच जातीचे. मेंढीची लोकर कातरणे, पिंजणे, सूत काढणे, घोंगड्या विणणाऱ्या सनगराच्या मागावर विणणे आणि शेवटी चिंचोक्याची खळ. हा खळीचा वास आणि नव्या घोंगडीचा खरखरीतपणा पानावर येत नाही. तो मजकुराने द्यायचा.

सणाचे पुस्तक

सण फोटोला सोपा, म्हणून निसरडा. ज्ञानेश्वरांची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात शिरते, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करते. तरडगावच्या अलीकडे चांदोबाचा लिंब येथे पहिले उभे रिंगण होते. त्या रिंगणाचे उंचावरून घेतलेले फोटो भरपूर दिसतात. मुलाच्या उंचीवरून दिसते ते वेगळे: पताकांचे दांडे, धुळीने भरलेले पाय, टँकरपुढची रांग, कुणाच्या तरी डोक्यावरची तुळस. कॅमेरा जमिनीपासून तीन फुटांवर ठेवला की पुस्तक बदलते.

बत्तीस शिराळ्याची नागपंचमी हे याहून कठीण उदाहरण. पूर्वीच्या फोटोंत जिवंत नागांची मिरवणूक दिसते, मुलेही जवळ दिसतात. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि मुंबई उच्च न्यायालयाचे आदेश यांमुळे ती प्रथा थांबली, आणि तो वाद गावाच्या मनात अजून ताजा आहे. अशा वेळी फोटोखाली वर्ष छापणे आवश्यक ठरते. वर्ष नसेल तर कालची गोष्ट आजची म्हणून वाचली जाते. साप पकडण्याचा फोटो मुलांना ‘करून पाहा’ असेही सांगू शकतो, तेव्हा तो घ्यायचाच असेल तर बदल का झाला हे त्याच पानावर हवे. असे फोटो गाळून टाकण्याची सुरक्षित पद्धतही आहे. पण मग गावातल्या मुलाला घरच्या भिंतीवर जे दिसते ते पुस्तकात का नाही, याचे उत्तर द्यावे लागते.

कोणाचा फोटो, कोणाच्या हातात

साधारण ऑक्टोबर–नोव्हेंबरपासून गाळप संपेपर्यंत बीडकडची आणि इतर दुष्काळी भागांतली ऊसतोड कुटुंबे कारखान्यांच्या परिसरात कोप्या घालून राहतात. त्यांची काही मुले साखरशाळेत जातात, काही बैलगाडीबरोबर फडावर. ‘सातारा–सांगलीची संस्कृती’ म्हटले की ही मुले सहसा यादीत नसतात, जरी वर्षातले पाच-सहा महिने ती इथेच राहतात. त्यांच्यावर पुस्तक करायचे तर दोन टोके टाळावी लागतात, पानोपानी दीनवाणे डोळे आणि पानोपानी हसरे चेहरे. पहाटे चुलीपुढे भावंडाला सांभाळत अभ्यासाची वही शोधणारी मुलगी दाखवली तर दोन्ही आपोआप सुटते.

नाव हा इथला कळीचा मुद्दा. एका पानावर शहरातले मूल नावाने येते आणि पुढच्या पानावर ‘पारंपरिक वेशातील धनगर’ एवढेच असते, तेव्हा माणूस कोण आणि नमुना कोण हे मुलांना बरोबर कळते. दुसरीकडे नाव, गाव आणि शाळा तिन्ही छापली की मुलाचा पत्ताच जाहीर होतो. म्हणून बरेच प्रकाशक पहिले नाव आणि तालुका इथवरच थांबतात. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेत (भारताने ती १९९२ मध्ये स्वीकारली) मुलाचे मत विचारात घेणे आणि त्याचे खासगीपण जपणे हे दोन्ही आहे. व्यवहारात पालकांची सही घेतात, मुलाला विचारायचे विसरतात. छापण्याआधी निवडलेले फोटो त्या घरात नेऊन दाखवणे आणि मुलाने “हा नको” म्हटलेला काढून टाकणे हा साधा उपाय आहे. वेळ मात्र जातो.

फोटोची मालकी हा वेगळा विषय. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार (१९५७, दुरुस्ती २०१२) छायाचित्राचा हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. फोटोत असलेल्या कुटुंबाकडे तो जात नाही. पुस्तकाची एक प्रत त्यांच्या घरी पोचवणे ही रीत आहे, कायदा नव्हे.

छपाई आणि वापर

छापखान्यात पुस्तक ८ किंवा १६ पानांच्या फर्म्यात (एका मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी पाने) बसवतात, म्हणून पाने २४ किंवा ३२. फोटो ३०० डीपीआयचे (इंचाला ३०० ठिपके) लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो आकसलेला असतो आणि छापल्यावर भुरकट दिसतो, गावाकडून साहित्य मागवताना नेमकी इथेच फसगत होते. फोटो लवकर जुनाही होतो: गणवेश बदलतो, मोबाईल बदलतो, एसटीचा रंग बदलतो. रेखाचित्राला ही पीडा नाही. मात्र वीस वर्षांनी तोच जुना फोटो कागदपत्राच्या योग्यतेला पोचतो.

शाळेत या पुस्तकांचा आधार ‘परिसर अभ्यास’. बालभारतीने इयत्ता तिसरीसाठी या विषयाच्या जिल्हानिहाय आवृत्त्या काढल्या, त्यामुळे साताऱ्याच्या आणि सांगलीच्या मुलांच्या हातात स्वतःचा जिल्हा आला. पाठ्यपुस्तकाला मर्यादा असतात. एका पानात हळदही उरकायची असते आणि धरणही. उरलेले काम वर्गातले हस्तलिखित करू शकते: मुलांनी आपल्याच गावातल्या लोहाराकडे किंवा बुरुडाकडे जाऊन मोबाईलवर दहा फोटो काढायचे, त्यांतले सहा निवडायचे आणि चार का वगळले ते सांगायचे. या शेवटच्या प्रश्नावर वर्गात सगळ्यांत जास्त बोलणे होते.

मराठी विश्वकोशाचे काम वाईहून चालत आले. मुलांसाठीच्या कुमार विश्वकोशाचे प्रकाशनही त्याच विश्वकोश निर्मिती मंडळाचे. पाचगणीजवळच्या भिलार या पुस्तकांच्या गावी (४ मे २०१७ पासून) घराघरांत विषयवार दालने आहेत आणि त्यांत बालसाहित्याचे वेगळे दालन आहे. इतर वाचनालयांत फोटो-माहितीपुस्तकांची जागा ठरलेली नसते. पुस्तकांना विषयवार अंक देणाऱ्या दशांश वर्गीकरणाप्रमाणे हळदीचे पुस्तक ६३३ मध्ये, तानपुऱ्याचे ७८७ मध्ये आणि वारीचे २९४ किंवा ३९० मध्ये जायला हवे. प्रत्यक्षात तिन्ही ‘बालवाङ्मय’ लिहिलेल्या एकाच कपाटात, परीकथांच्या शेजारी असतात.