देव न मानणारा वाट्टेल तसा वागतो? खरं काय ते सांगतो

आमच्याकडे जळगावच्या रावेर-यावल पट्ट्यात पारावर बसलं की एक वाक्य ठरलेलं, "ज्याला देवाचा धाक नाही त्याला कसलाच धाक नाही." लहानपणापासून ऐकतोय, आणि ते साफ चुकीचं आहे.

माझे मोठे काका पक्के नास्तिक. एकदा केळीची काटणी झाली, ट्रक गेला, रात्री वहीत बेरीज करताना लक्षात आलं की हिशोबात दोन क्विंटल जास्त धरलेत, तर तेव्हाच व्यापाऱ्याला फोन लावला, "भाऊ, पैसे जास्त आले, नाहीतर उद्या तू ते तुझ्या मुकादमाच्या पगारातून कापशील." डोक्यात पाप-पुण्य नव्हतंच, त्या मुकादमाचा चेहरा होता.

समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकरांचंच बघा ना. देव मानत नव्हते, 1888 ला 'सुधारक' साप्ताहिक काढलं, बालविवाह, विधवांचं केशवपन याविरुद्ध लिहीत राहिले, पुण्यात लोकांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली तरी थांबले नाहीत. स्वतःपुरतंच बघायचं असतं तर कशाला हे सगळं सोसलं असतं? आणि जैन धर्मातही जग निर्माण करणारा ईश्वर नाहीच, पण अहिंसा किती कडक!

कायद्यालाही हे मान्य आहे बरं का, 1969 च्या शपथ कायद्याप्रमाणे कोर्टात देवाचं नाव न घेता प्रतिज्ञेवर साक्ष देता येते, खोटं बोललं तर गुन्हा तोच.

काका देवळात जात नाहीत, तो त्यांचा हक्क. पण श्रावणात आजीच्या कानबाईच्या, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या, नैवेद्याच्या रोटांसाठी गहू दळून आणतात ते तेच, कारण आजीचे गुडघे दुखतात.