हरलेल्या तिकिटांचा हिशेब

माझ्या एका मामांना रेसचा नाद होता. पावसाळ्यात पुणे, थंडी पडायला लागली की महालक्ष्मी, असं त्यांचं वर्ष विभागलेलं असे. ते गेल्यावर माळ्यावरच्या ट्रंकेत जुन्या रेसबुकांचा गठ्ठा सापडला. पानोपानी पेन्सिलीने बारीक अक्षरात शेरे. 'सुटतानाच अडकला.' 'जॉकीनं उशिरा सोडला.' 'आतून वाट मिळाली नाही.' थोडा वेळ चाळल्यावर लक्षात आलं, की शेरे फक्त हरलेल्या घोड्यांपुढे आहेत. जिंकलेल्यांपुढे नुसती बरोबरची खूण.

टॉमस गिलोविच या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात हीच खोड पकडली होती. फुटबॉलवर पैजा लावणाऱ्यांना त्याने आपापल्या पैजांबद्दल टेपवर बोलायला लावलं. जिंकलेल्या पैजांपेक्षा हरलेल्यांवर लोक जास्त वेळ बोलले. जीत म्हणजे आपली अक्कल, तिच्यावर काय बोलायचं? हार मात्र समजावून सांगावी लागते. जुगारी माणूस हार विसरतो असा आपला समज असतो. तसं नाही. हार त्याला चांगली लक्षात राहते, फक्त त्याच्या वहीत ती 'जवळजवळ जीत' म्हणून जमा होते.

पण हार प्रामाणिकपणे हार म्हणून लिहिली, तरी ती शिकवते का? इथे गणित आडवं येतं.

समजा, एखाद्या पंटरची, म्हणजे पैज लावणाऱ्याची, नजर खरंच चांगली आहे. तो असेच घोडे निवडतो, ज्यांची जिंकण्याची शक्यता २० टक्के आहे आणि ज्यांच्यावर दहा रुपयांचे साठ मिळतात. म्हणजे सरासरीने दहाचे बारा. असा फायदा मिळणं फार मोठी गोष्ट आहे. तरीही ओळीने दहा तिकिटं फाडायची पाळी त्याच्यावर येण्याची शक्यता जवळपास ११ टक्के आहे. शंभर पैजांनंतरही अशा पाच जणांतला एक जण तोट्यातच असेल. आता दुसरा पंटर घ्या. भाव तोच, पण त्याच्या घोड्यांची खरी शक्यता १५ टक्केच. हा माणूस सावकाश बुडणार हे ठरलेलं आहे. पण शंभर पैजांनंतर अशा तिघांतला एक जण फायद्यात असेल आणि बाकीच्यांना टिपा देत असेल! पहिल्याचं कसब नशिबापासून जरा खात्रीने वेगळं दिसायला सुमारे सहाशे पैजा लागतात. रविवारी रात्री बसून 'आज काय चुकलं' याचा काथ्याकूट करणारा माणूस बहुतेक वेळा नशिबाचंच विश्लेषण करत असतो.

मग लोक काय करतात? जास्त माहिती गोळा करतात. पॉल स्लोविक यांनी १९७३ मध्ये आठ मुरलेल्या हँडिकॅपरांवर केलेला प्रयोग इथे आठवतो. (हँडिकॅपर म्हणजे इथे घोड्यांवर वजन ठरवणारा क्लबचा अधिकारी नव्हे, तर कागदपत्रं चाळून कोण जिंकेल याचा अंदाज बांधणारा.) घोड्याबद्दलच्या ८८ बाबींतून त्यांना हव्या त्या निवडायला सांगितलं: आधी पाच, मग दहा, वीस, चाळीस. जुन्या शर्यती, घोड्यांची नावं झाकलेली. पाच बाबी हातात असताना त्यांचा पहिल्या क्रमांकाचा अंदाज सुमारे १७ टक्के वेळा बरोबर आला. चाळीस बाबी मिळाल्यावरही तेवढाच. वाढला तो फक्त आत्मविश्वास, तोही जवळपास दुप्पट.

अंदाज चांगला की वाईट हे ओळखायचं कसं, हा प्रश्न हवामानखात्यालाही भेडसावला होता. 'उद्या पावसाची शक्यता ३० टक्के' असं सांगितलं आणि पाऊस पडला, तर अंदाज चुकला का? एका दिवसावरून काहीच म्हणता येत नाही. अमेरिकी हवामानखात्यातल्या ग्लेन ब्रायर यांनी १९५० साली त्यावर सोपा तोडगा मांडला. सांगितलेली शक्यता आणि घडलेली गोष्ट (घडली तर १, नाही तर ०) यांतल्या फरकाचा वर्ग करायचा आणि असे शेकडो दिवसांचे वर्ग घेऊन सरासरी काढायची. सरासरी जितकी कमी तितका अंदाज चांगला. हीच वही घोड्यांसाठी ठेवता येते. ज्या ज्या घोड्यांपुढे शर्यतीआधी '३० टक्के' लिहिलं, त्यांतले खरोखर किती जिंकले? शंभरात तीसच्या आसपास असतील तर नजर ठीक आहे. अठराच असतील, तर तुमचे तीस म्हणजे अठरा, हे कळलं. हार इथे पहिल्यांदा काही उपयोगाचं बोलते. मात्र आकडा आधी लिहिलेला हवा. शर्यत संपल्यावर आठवलेला आकडा नेहमी सोयीचाच असतो.

आकड्यांची ही वही एका माणसाने कुठवर नेली, ते बिल बेंटरच्या गोष्टीत दिसतं. पिट्सबर्गचा हा तरुण लास व्हेगासमध्ये पत्ते मोजून ब्लॅकजॅक खेळायचा. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर तो ॲलन वुड्स या ऑस्ट्रेलियन जोडीदाराबरोबर हाँगकाँगला गेला. जागा विचारपूर्वक निवडलेली होती. हॅपी व्हॅली आणि शा टिन अशी दोनच मैदानं, त्यांवर आलटूनपालटून धावणारे तेच ते घोडे, तेच जॉकी, आणि टोटमध्ये (म्हणजे सगळ्यांच्या पैजांचे पैसे एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटतात तिथे) पैशांचा महापूर. अभ्यासाला याहून बरी प्रयोगशाळा मिळणं कठीण. रूथ बोल्टन आणि रँडल चॅपमन यांनी १९८६ मध्ये शर्यतीचं एक सांख्यिकी प्रारूप मांडलं होतं. घोड्याची मागची कामगिरी, वजन, जॉकी अशा बाबींना गुणांक द्यायचे आणि शर्यतीतल्या प्रत्येक घोड्याची शक्यता अशी काढायची, की सगळ्यांची बेरीज १०० टक्के व्हावी. बेंटरने हीच वाट पुढे नेली. पण त्याआधी, १९८६ च्या उन्हाळ्यापर्यंत, दोघांनी आणलेल्या दीड लाख डॉलरांतले एक लाख वीस हजार पाण्यात गेले होते.

माझ्या मते या गोष्टीचा गाभा पैशांत नाही, चूक कोणत्या प्रकारची होती यात आहे. टोटमध्ये तुम्ही घोड्याशी खेळत नाही, गर्दीशी खेळता. कोणत्या घोड्यावर किती पैसे लागले त्यावरून भाव ठरतो. म्हणून भाव हाच गर्दीचा अंदाज. समजा, प्रारूप म्हणतं २० टक्के आणि गर्दी म्हणते १० टक्के. हाँगकाँगात विनच्या पूलमधून, म्हणजे पहिल्या क्रमांकावर लागलेल्या एकत्र पैशांतून, साडेसतरा टक्के कापले जातात. ते वजा करून या घोड्यावर दहाचे साडेब्याऐंशी मिळतील. प्रारूप खरं असेल तर ही लूट आहे. बेंटरने निकालांची पडताळणी केली, तेव्हा अशा घोड्यांची खरी शक्यता दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी निघत होती. आता १२ टक्के धरा: दहाचे नऊ रुपये नव्वद पैसे. लूट कुठली, तोटाच!

असं का व्हावं? कारण आपण पैज लावतो तीच मुळी गर्दीशी मतभेद असेल तिथे. आणि मतभेद सगळ्यांत मोठा कधी असतो? एक तर आपल्याला काही विशेष कळलेलं असतं, नाही तर गर्दीला कळलेलं काहीतरी आपल्याला माहीत नसतं. सकाळच्या सरावात घोडा लंगडला, हे कुणीतरी पाहिलेलं असतं. प्रारूपाच्या रकान्यांत ते नसतं. म्हणजे आपल्या पैजा आपोआप आपल्याच चुकांमधून निवडल्या जातात. बेंटरने मग गर्दीचा भाव हीसुद्धा एक बाब मानून प्रारूपाशी जोडली. जोडलेला अंदाज दोन्ही सुट्या अंदाजांपेक्षा सरस निघाला. १९९४ साली त्याने ही पद्धत लेख लिहून चारचौघांत मांडलीसुद्धा. एवढं मोठं गुपित असं उघड करणारा जुगारी विरळाच.

आपल्याकडे हे जमेल का, असा प्रश्न लगेच येतो. रेसच्या पैजेवर जीएसटी २०२३ पासून पूर्ण रकमेवर २८ टक्के होता, सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. एवढा भार उचलणारं प्रारूप मला तरी सुचत नाही.

सहाशे निकालांची वाट न पाहता नजर तपासायची एक युक्ती मात्र जाणकार वापरतात. बुकीकडे लावलेल्या पैजेचा भाव लावतानाच ठरतो, नंतर बदलत नाही. तुम्ही आठाने (एकाला आठ या भावाने) घेतलेला घोडा गेट उघडताना पाचावर आलेला असेल, तर तुमच्या मागून आलेल्या पैशाने तुमच्याशी सहमती दाखवली. आठाचा बारा झाला, तर त्या पैशाला तुमचं पटलेलं नाही. घोडा जिंकला की हरला, याचा इथे संबंधच नाही आणि दर शर्यतीत एक उत्तर मिळतं. वहीत फक्त एक रकाना वाढवायचा.

मामांच्या रेसबुकांत घेतलेला भाव जवळजवळ सगळीकडे लिहिलेला आहे. सुटतानाचा भाव एकाही पानावर नाही.